पितळेचे इंजिन की प्लॅस्टिकचे?

श्रोतेहो, नागपूरकडच्या माणसाला आगगाडीचे नवल नाही. मुंबईकडची गाडी इथे १८६७ साली पोहोचली. पुढे छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडीही धावू लागली. रुंदीकरणासाठी छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. मोतीबागेत २००२ साली उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात ती इंजिने उभी आहेत, पण धावताना आता दिसायची नाहीत. उमरेड-सावनेरच्या मुलांना ही गाडी कशी चालत होती हे दाखवायचे, तर नमुन्याची गाडी हाच एक मार्ग. वर्गणी जमवून शाळेने असे इंजिन घ्यायचे ठरवले, की पहिला प्रश्न येतो : पितळेचे घ्यावे की प्लॅस्टिकचे? निवड चुकली, तर इंजिन कपाटात कुलूपबंद राहते आणि वर्गणी वाया जाते.

आधी ही दोन्ही कशी बनतात ते पाहू. प्लॅस्टिकचे इंजिन पोलादी साच्यात दाबाने ओततात. साचा फार महाग, म्हणून एका साच्यातून हजारो नग काढले तरच ते परवडते. साहजिकच ज्या इंजिनाला जगभर गिऱ्हाईक, त्याचाच साचा होतो. पितळेच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याचा पत्रा आम्लाने कोरायचा, वाकवायचा, डाख देऊन जोडायचा. धुराडे, शिट्टी असे बारीक भाग मेणाचा नमुना करून ओतायचे. बस्तरचे कारागीर मूर्ती ओततात, तीच ही रीत. हे काम हाताचे. पूर्वी ते जपानात फार होई, पुढे कोरियात होऊ लागले. नग थोडे निघतात, म्हणून किंमत कित्येक पटींनी चढते.

आता तुम्ही म्हणाल, ‘पितळ जड, मग तेच जास्त डबे ओढणार!’ यात अर्धेच खरे आहे. इंजिन ओढते ते चाकांच्या पकडीवर, आणि पकड येते चालत्या चाकांवरच्या वजनातून. चालत्या चाकांवर ४०० ग्रॅम भार असेल, तर ओढ साधारण त्याच्या चौथाईच्या आसपास, म्हणजे १०० ग्रॅम किंवा थोडी कमीच. पितळ प्लॅस्टिकच्या आठपट जड आहे खरे. पण चांगल्या प्लॅस्टिक इंजिनाच्या पोटात ओतीव धातूची जड चौकट असते, आणि ती नेमकी चाकांवर बसवलेली असते. उलट पितळी इंजिन बहुधा पोकळ असते. त्याचे वजन पुढे किंवा मागे कलले, तर चाके जागीच गरगरतात. म्हणून अंग कशाचे आहे यापेक्षा पोटात काय आहे ते बघा. इंजिन हातात घेऊन तोलून पाहा, आणि डबे जोडून चालवून पाहा.

दुसरी गोष्ट वळणांची. पितळी इंजिनात नळ्या, पायऱ्या, ब्रेक सारे हुबेहूब असते. त्यामुळे चाकांना हलायला जागा कमी राहते आणि वळण मोठे लागते. वर्गातल्या टेबलावरची वळणे लहान. तिथे प्लॅस्टिकचे इंजिन निमूट फिरते. शिवाय पितळ विजेचे वाहक आहे. बऱ्याच पितळी इंजिनांत एका रुळाची वीज थेट अंगातून जाते, आणि चाकाचा भलताच भाग अंगाला घासला की गाडी झटक्याने थांबते.

मग पितळ निरुपयोगी का? मुळीच नाही. प्लॅस्टिकची पायरी तुटली की डिंक लावून जेमतेम जुळते. पितळेची सुटली तर पुन्हा डाख देता येतो. फक्त पितळी इंजिनाला चिंच किंवा राख लावू नका, कारण वरचा पातळ लेप निघून जातो. मऊ ब्रशाने धूळ काढली की पुरे. प्लॅस्टिक आपल्या उन्हाळ्यात सावलीत नीट टिकते. पण हल्ली संगणकी छपाईने मक्याच्या पिष्टापासूनच्या प्लॅस्टिकची जी इंजिने काढतात, ती साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतात. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ती ठेवू नयेत.

आता आपल्या छोट्या गाडीकडे येऊ. तिच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. नमुन्यांत ८७ पट लहान करण्याचे माप फार रूढ आहे. त्या मापाने ही रुंदी पावणेनऊ मिलिमीटर येते, आणि बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ मिळतात. त्या रुळांवरचे लहान प्लॅस्टिक इंजिन घ्यावे, त्याची मोटार आणि चाके तशीच ठेवावी, आणि वरचे अंग मात्र मोतीबागेतल्या इंजिनाची मापे घेऊन पितळी पत्र्याचे करावे. पत्रा कापायला आणि डाख द्यायला आपल्याकडे हात कमी नाहीत. पितळी भांड्यांचे भंडारा तर शेजारीच आहे. मापे काढणे, ८७ ने भागणे आणि पत्र्यावर रेघा आखणे मुलांनी करावे. त्यात गणितही शिकून होते.

तेव्हा हिशेब असा. रोज मुलांच्या हाती द्यायचे असेल, तर जड चौकटीचे प्लॅस्टिकचे इंजिन घ्या. जे इंजिन कुणी साच्यात ओतणार नाही, पण आपल्याला विसरायचे नाही, त्यासाठी पितळ वापरा. दुकानात गेलात, तर पैसे देण्यापूर्वी लहान वळणावर, अगदी हळू, डब्यांसकट एक फेरी मारून दाखवायला सांगा. फेरी पुरी झाली नाही, तर धातू कितीही चमकदार असो, ते इंजिन तिथेच राहू द्या.