लॅपटॉपचा ताप

अंगात १०४ अंश ताप चढला की घरची माणसे घाबरी होतात. हे अंश फॅरनहाइटचे. सेल्सियसमध्ये ते ४० भरतात. हेच माप मनात ठेवून एखाद्याने आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर प्रोसेसरचे तपमान ९२ अंश सेल्सियस असे वाचले, तर त्याच्या छातीत धस्स होणे साहजिक आहे. पाणी उकळावयास अवघे आठ अंश उरले! परंतु सिलिकनची प्रकृती माणसाच्या प्रकृतीहून फार निराळी आहे, आणि तिचा ज्वर कोठे सुरू होतो हे ठाऊक नसल्यामुळे कधी नसती भीती वाटते, तर कधी खरी तक्रार खोटी ठरविली जाते. यांपैकी दुसरी चूक माझ्या हातून घडलेली आहे. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मी विदर्भातील एका कचेरीत होतो. जुन्या नकाशांच्या व अभिलेखांच्या मोठमोठ्या प्रतिमा लॅपटॉपवर तपासण्याचे काम तेथे चालले होते. एका लिपिक भगिनीचे काम सतत मागे पडे. मे महिन्यात मी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागविला. त्यांनी दोन ओळींत कळविले की, यंत्र सकाळी नीट चालते, दुपारी बारानंतर चालेनासे होते. ही सबब मला बालिश वाटली. माझ्या वातानुकूलित खोलीत तसलाच लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालत होता!

प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकनचा तुकडा. त्याला पुरविलेली जवळजवळ सारी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बऱ्यापैकी ताकदीचा लॅपटॉप भरपूर काम करीत असला की या तुकड्यात ४५ वॅट सहज खर्च होतात. एखाद्या लहानशा दिव्याइतकी ही वीज. पण ती खर्च होते दीड चौरस सेंटिमीटर जागेत, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट. स्वयंपाकघरातील १५०० वॅटची व १८ सेंटिमीटर व्यासाची विजेची शेगडी घेतली, तर तिचा हिशेब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ वॅट येतो. शेगडीच्या पाचपट दाटीची ही उष्णता पुस्तकाएवढ्या डब्यातून बाहेर काढावयाची असते.

त्यासाठी योजलेली युक्ती मोठी सुरेख आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसविलेली असते. तिच्यातील हवा काढून टाकून थोडेसे पाणी भरलेले असते. दाब अत्यल्प असल्यामुळे हे पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होऊन नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावते, तेथील पातळ पट्ट्यांपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखविली, तेव्हा त्यांच्यापुढे अंतराळयानांचा प्रश्न होता. पट्ट्यांवरची उष्णता उडवून लावण्याचे काम तेवढे पंख्याकडे असते.

आता मर्यादांविषयी. इंटेलच्या पुष्कळशा लॅपटॉप-प्रोसेसरांना १०० अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा दिलेली असते. एएमडीच्या रायझेन जातीत ती ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान आढळते. ग्राफिक्सची चिप थोडी नाजूक. ती सामान्यतः ८५ ते ९५ अंशांच्या टप्प्यात स्वतःला आवरू लागते. हे तपमान चिपच्या पोटातले, तेथेच बसविलेल्या संवेदकाने मोजलेले असते. हाताला लागणारे कवच त्या मानाने बरेच थंड असते. मर्यादा गाठताच चिप आपला वेग कमी करते, म्हणजे वीज कमी लागते आणि उष्णताही कमी होते. एवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र आपणहून बंद पडते. म्हणून जड कामाच्या वेळी ८५ वा ९० अंश दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. काहीच काम चालू नसता तोच आकडा दिसला, तर मात्र यंत्र उघडून पाहावे.

आता त्या खुलाशाकडे येऊ. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल हे चिप आणि खोली यांच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असते. खोलीत २५ अंश आणि चिपची मर्यादा ९५, तर अंतर ७० अंशांचे. विदर्भात मेमधील दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंश असले, तर तेच अंतर ५३ वर येते. म्हणजे पंखा तोच, नळी तीच, तरी बाहेर टाकता येणारी उष्णता सुमारे चौथ्या हिश्शाने घटली. यंत्राने त्या मानाने वेग कमी केला, तर दोष कोणाचा? लॅपटॉपसोबतच्या पुस्तिकांत बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच तो वापरावा असे छापलेले असते. नागपूर तर राहोच, उन्हाळ्यातल्या दिल्लीत किंवा हैदराबादेतही तो कागद दुपारी निरुपयोगी ठरतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे धूळ. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये ती साचून तिची नमद्यासारखी गादी तयार होते. बाहेरून काही दिसत नाही. अंथरुणावर लॅपटॉप ठेवणारे तर त्याचे नाक चादरीनेच दाबतात.

तथापि उष्णतेने काहीच बिघडत नाही असे मात्र कोणी समजू नये. २००८ च्या जुलैत एनव्हीडिया कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक्स चिपा सदोष निघाल्याचे सांगून भरपाईपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप व तिचे वेष्टन यांच्या जोडणीत ते वैगुण्य होते. तापताना व निवताना निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात. तार पुनःपुन्हा वाकविली की तुटते, त्याप्रमाणे सूक्ष्म सांधे हळूहळू तडकतात. बॅटरी तर याहूनही नाजूक. सततच्या उष्णतेने तिचे आयुष्य घटते आणि कधी ती फुगते. माणसाची कातडीही यातून सुटत नाही. मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप ठेवणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या त्वचेवर जाळीदार डाग उठल्याची हकीकत २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. कांगडी पोटाशी धरणाऱ्या काश्मिरी लोकांत वैद्यांना हे डाग फार पूर्वीपासून परिचित आहेत.

आमच्या कचेरीत पुढे एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने ती यंत्रे उघडून धूळ काढली, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, आणि नकाशांचे काम सकाळी सात ते अकरा या वेळेत ठेवण्यात आले. दोन लॅपटॉपांच्या बॅटऱ्या फुगलेल्या निघाल्या. त्यांच्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर मी सही केली. त्याच दिवशी तो खुलासाही पुन्हा मागवून घेतला आणि समासात लिहिले : मजकूर खरा आहे, प्रकरण नस्तीबद्ध करावे.