उन्हाचे पुरळ आणि गाजरगवत

फेब्रुवारी सरत आला, की निफाड-दिंडोरी परिसरात द्राक्षांची तोडणी ऐन भरात येते आणि तिच्या पाठोपाठ उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते. शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांचा सारा दिवस उघड्या रानात जातो. अशा वेळी हातांवर वा मानेवर खाजरे पुरळ उठले, तर 'ऊन बाधले' एवढे म्हणून ते अंगावर काढले जाते. हे निदान पुष्कळदा बरोबर असते. परंतु कित्येकदा खरा अपराधी उन्हाआड दडलेला असतो. तो म्हणजे बांधावरचे गाजरगवत होय.

निव्वळ उन्हाने येणारे पुरळ उष्णतेमुळे नव्हे, तर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उठते. (कपड्यांखाली येणारे घामोळे हा निराळा प्रकार.) काही तास उन्हात गेल्यावर ते हातांच्या वरच्या बाजूस, मानेच्या मागे व गळ्याखाली दिसते आणि ऊन टाळल्यास काही दिवसांत ओसरते. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनीही त्वचा उन्हास हळवी होते. म्हणून चालू असलेली औषधे डॉक्टरांना अवश्य सांगावीत.

गाजरगवताची तऱ्हा वेगळी आहे. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ साली पुण्यात आढळले व पुढे देशभर पसरले. लोक त्यास काँग्रेस गवत असेही म्हणतात. पाटाच्या व बागांच्या ओलीवर ते पावसाळ्यानंतरही तग धरते. त्यातील पार्थेनिन या द्रव्याची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कणही वाऱ्याबरोबर उडून अंगावर बसतात. त्यामुळे सावलीत राहणाऱ्या पापण्या, कानांमागची जागा, कोपरांच्या आतील घड्या येथेही चट्टे उठतात. ही खूण मोलाची आहे, कारण उन्हाचे पुरळ या जागा बहुधा सोडून देते. दुर्दैवाने विकार जुना झाला, की त्वचा उन्हासही सोसेनाशी होते आणि मग दोहोंतील भेद त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या चाचणीनेच उलगडतो. एकदा जडलेली ही ॲलर्जी वर्षानुवर्षे पिच्छा पुरविते.

साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून रानात जाण्याची स्त्रियांची पद्धत याबाबतीत अतिशय शहाणपणाची आहे. पुरुषांनीही तिचे अनुकरण करावे. रुंद काठाची टोपी वा उपरणे वापरावे आणि अकरा ते तीन या वेळेतील काम शक्य तेथे सकाळी उरकावे. ज्यांना त्रास होतो त्यांनी सनस्क्रीन मलम दर दोन तासांनी लावावे. रानातून परतल्यावर हात-तोंड साबणाने धुवावे. धुतलेले कपडे तणाजवळ वाळत घालू नयेत.

ग्रामपंचायतींच्या श्रमदानात गाजरगवत उपटले जाते, हे स्तुत्यच. मात्र शाळकरी मुलांकडून ते उघड्या हातांनी उपटून घेण्याची चाल तत्काळ बंद व्हावयास हवी. हे काम प्रौढांनी हातमोजे, पूर्ण कपडे व तोंडास फडके बांधून, पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटून करावे. एकेक झाड हजारो बिया टाकते. फुलोऱ्यानंतरच्या मोहिमेत त्याच बिया गावभर सांडतात. फुलण्यापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूर येथे सोडलेले भुंगेरेही ही पाने फस्त करतात, परंतु त्यांचा जोर पावसाळ्यापुरताच असतो. ज्यांच्या अंगावर पूर्वी असे चट्टे उठले आहेत, त्यांना श्रमदानात दुसरे काम द्यावे व त्यांच्या घराभोवतीचे तण इतरांनी आधी काढावे.