रेषा ओढण्याआधी तलाठ्याला विचारा

संगणकात माहिती साठवायची म्हणजे शेवटी तक्ते आखायचे: ओळी, रकाने आणि एका तक्त्याला दुसऱ्याशी जोडणारे क्रमांक. तक्ते तयार होऊन त्यांवर स्क्रीन चढली की आत काय गृहीत धरले आहे ते बाहेरच्या माणसाला दिसेनासे होते. त्याच्या वाट्याला उरतो तो भरायचा फॉर्म आणि ‘नोंद स्वीकारता येत नाही’ असा निरोप. त्याच्या आधी मात्र एक टप्पा असतो, जिथे ही सगळी गृहीतके एका कागदावर उघडी असतात. त्या कागदाला एंटिटी-रिलेशनशिप डायग्राम म्हणतात, रोजच्या बोलण्यात ईआर डायग्राम. इंजिनिअरिंगला आणि बीसीएला तो शिकवतात, परीक्षेत काढायला लावतात, आणि नोकरीत पुष्कळदा तो प्रकल्पाच्या अहवालाला शेवटी जोडायचे परिशिष्ट होऊन बसतो. माझ्या मते हा त्याचा फार मोठा अपव्यय आहे. ज्याला विषयातला व्यवहार तोंडपाठ आहे पण प्रोग्रामिंगचा गंध नाही, अशा माणसाला चूक पकडता यावी, हे या आकृतीचे खरे काम. त्याच्यापुढे ती ठेवलीच नाही, तर ती काढून फारसे काही साधत नाही.

आकृतीचे श्रेय पीटर चेन यांचे. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा गणिती पाया घातला. त्याच सुमारास चार्ल्स बाखमन नोंदींचे प्रकार बाणांनी जोडून दाखवत होते. पण बाखमन यांचे बाण यंत्रातल्या साठवणुकीच्या बरेच जवळ होते, आणि कॉड यांचे तक्ते गणिताने पक्के असले तरी अमुक रकाना इथे का आला, याचे उत्तर त्यांत सापडत नसे. मार्च १९७६ मध्ये एसीएम या संस्थेच्या डेटाबेसविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात चेन यांचा लेख आला. त्यांचा आग्रह असा, की जगात वस्तू आणि माणसे आहेत, त्यांच्यात नाती आहेत. आधी ती मांडा, तक्ते त्यांतून मागाहून काढता येतील. वस्तूला आयत, नात्याला शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन, गुणधर्माला लंबगोल अशी त्यांची चिन्हे होती. पुढे रेषेच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखे तीन फाटे काढण्याची पद्धत रूढ झाली. तीन फाटे म्हणजे अनेक, आडवी रेघ म्हणजे एक, बारीक वर्तुळ म्हणजे एकही नसला तरी चालेल. एवढी लिपी तासाभरात येते. ती आली, की प्रत्येक रेषा हे दोन्ही बाजूंनी वाचता येणारे मराठी वाक्य होते, आणि त्या वाक्याला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणता येते.

उदाहरण सातबाऱ्याचे घेऊ, कारण हा कागद बहुतेकांनी हातात धरलेला असतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. त्यांच्या मागे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, उभे असतात. (सरकारी प्रणालीची आतली रचना हा इथला विषय नाही, कागदावरच्या व्यवहाराची आकृती काढू गेलो तर काय होते, तेवढेच पाहू.) नवखा डिझायनर एक उतारा पाहतो आणि एक तक्ता आखतो: गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचे नाव. आता गट ११२ घ्या, क्षेत्र २ हेक्टर ४० आर, नावे तीन भावंडांची. तिन्ही नावे एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबली, तर धाकट्या बहिणीच्या नावे कुठे काय आहे हे नीट शोधता येत नाही. तीन ओळी केल्या, तर प्रत्येक ओळीत २ हेक्टर ४० आर उमटते आणि गावाची बेरीज करताना त्या गटाचे क्षेत्र ७ हेक्टर २० आर होते. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने बेरीज अचूक आहे. आकृती काढली असती तर ‘गट’ आणि ‘खातेदार’ असे दोन आयत आले असते आणि मधल्या रेषेला दोन्ही टोकांना फाटे लागले असते. एका गटाला अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. मग लगेच विचारावे लागले असते, की हिस्सा कुठे लिहायचा? तो जमिनीचा गुणधर्म नाही आणि माणसाचाही नाही. तो दोघांमधल्या नात्याचा आहे. म्हणून ते नाते हाच एक स्वतंत्र तक्ता होतो आणि हिस्सा त्यात जाऊन बसतो.

इथवर कोणताही चांगला इंजिनिअर एकटा पोचेल. पुढे त्याला तलाठी लागतो. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.) ‘एका गटाला अनेक खातेदार’ हे वाक्य त्याला वाचून दाखवले, तर तो म्हणेल, मध्ये खाते राहिले. जमीन खात्याला लागते आणि खात्यात माणसे असतात. एकाच माणसाचे गावात एक वैयक्तिक खाते असते, भावांबरोबर एक सामाईक खाते असते, चुलत्यांबरोबर तिसरे असू शकते. सामाईक खात्यात वाटणी होईपर्यंत कोणाचे किती आर हे वेगळे मांडलेले नसतेच बऱ्याचदा. म्हणजे ‘हिस्सा’ हा रकाना सक्तीचा केला, तर कारकुनाला तिथे काहीतरी खोटे भरावे लागणार. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असते, तेव्हा तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून उभा असतो, एकटा मालक म्हणून नाही. ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार अज्ञान, म्हणजे वयाने लहान आहे, आणि दुसरा कोणी त्याचा पालनकर्ता आहे. ही दोन-तीन अक्षरे म्हणजे माणसा-माणसांतल्या रेषा आहेत. त्या नावाच्या रकान्यात नुसती अक्षरे म्हणून टाइप झाल्या, तर पालनकर्त्याला मालक समजणारी यादी छापून यायला वेळ लागत नाही. आणि खातेदार नेहमी माणूसच असतो असेही नाही. तो देवस्थान असतो, संस्था असते. गोव्यात कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची संस्था, असते. ‘जन्मतारीख’ सक्तीची करणाऱ्याने देवाचा विचार केलेला नसतो.

गट क्रमांकाचेही तसेच. ११२ हा गट महाराष्ट्रात गावोगाव आहे, म्हणून नुसत्या ११२ने काहीच ओळखू येत नाही. गावाच्या आधाराशिवाय ज्याची ओळख पटत नाही, अशा घटकाला चेन यांच्या लिपीत दुहेरी चौकट असते. बरे, गावाचे नाव तरी पुरते का? पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजून पाहा. म्हणून गावाला सांकेतांक लागतो.

सर्वांत जास्त शिकवणारा भाग फेरफाराचा आहे. चेन यांनी १९८३ साली वाक्यरचनेवरून आकृती कशी काढावी याचे काही ढोबळ नियम मांडले: नाम दिसले की आयत, क्रियापद दिसले की नाते. नियम उपयोगी आहे, पण जमिनीच्या व्यवहारात तो अर्ध्या वाटेवर सोडतो. ‘अमुकने जमीन विकली’ यात विकणे हे क्रियापद. नियमाप्रमाणे ते विकणारा, घेणारा आणि गट यांच्यामधले नाते. पण महसुलात प्रत्येक बदलाला स्वतःचा क्रमांक मिळतो, तारीख मिळते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. ज्याला स्वतःचे आयुष्य आहे ते नाते राहत नाही, घटक होते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत हे फार सुंदर दिसते. माणूस वारला किंवा जमीन विकली गेली म्हणून त्याचे नाव कोणी खोडून काढत नाही. नावाला कंस होतो, खाली नवे नाव येते, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. कागदाने काळ असा धरून ठेवला होता. डिझायनरने नुसते जुन्या नावाच्या जागी नवे नाव लिहायची सोय केली, तर कंस गेला, आणि त्याबरोबर ती जमीन आजोबांकडून कोणाकडे कशी गेली याचा माग गेला. बरोबर आकृतीत खातेदाराच्या नोंदीपासून फेरफाराकडे दोन रेषा जातात: एक ज्या फेरफाराने नाव लागले त्याची, दुसरी ज्याने कंस झाला त्याची. दुसऱ्या रेषेच्या टोकाला बारीक वर्तुळ हवे, कारण जे नाव आज चालू आहे त्याला कंस झालेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की इतकी पिढ्यान् पिढ्या दप्तरे चालली, कोणी आयत आणि फाटे काढले नव्हते. खरे आहे. पण ती चालली कारण आकृती तलाठ्याच्या डोक्यात होती आणि कागदाला मोकळी जागा होती. न बसणारी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात जायची: कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता. वाचणारा माणूस ते समजून घ्यायचा. संगणक समजून घेत नाही; बोजा कोणाच्या हिश्श्यावर आहे हे रेषेने सांगितले नाही, तर कर्ज न काढलेल्या भावाच्या जमिनीवरही तो दिसत राहतो. शिवाय कागदी रचनेचीही किंमत मोजावी लागलीच. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने, पुढे झालेल्या सुधारणेनंतर, बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकरांची आणि कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा घातली. ही मर्यादा मोजायची ती एका गावापुरती नाही, आणि एकट्या माणसाचीही नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून होणाऱ्या कुटुंब घटकाची. आठ-अ मात्र गावाचा. दोन तालुक्यांतली दोन खाती एकाच माणसाची आहेत, हे सांगणारी रेषा दप्तरात नव्हती. कोण कोणाची पत्नी, हे सांगणारीही नव्हती. म्हणून विवरणपत्रे मागवावी लागली, म्हणजे ज्याची जमीन जायची त्यालाच विचारावे लागले. कायद्याला मर्यादा आल्या त्याची राजकीय कारणे मोठी आहेत, ती मी लहान करत नाही. पण जो प्रश्न दप्तराला विचारताच येत नाही, त्याच्या उत्तरापासून लपणे सोपे असते. ॲग्रिस्टॅक या सरकारी प्रकल्पातला शेतकरी ओळख क्रमांक ही माणसाला त्याच्या सगळ्या गटांशी जोडणारी रेषा आहे, ती इतक्या उशिरा ओढली जाते आहे.

दुसरा आक्षेप तरुण इंजिनिअरांचा. आता अशा डेटाबेस आहेत ज्यांना आधी रचना ठरवावी लागत नाही. हवी तशी नोंद टाका, पुढचे पुढे. पण त्यामुळे रचना नाहीशी होत नाही. ती तक्त्यांतून निघून प्रोग्रामच्या ओळींत विखुरते, आणि तिथे तिला तलाठी तर सोडाच, शेजारच्या टेबलावरचा सहकारीही धड वाचू शकत नाही. आकृती मागवली की यंत्र काही क्षणांत नीटनेटकी काढून देते, हेही खरे. ते बहुधा ‘जमीन’ आणि ‘मालक’ असे दोन आयत काढील. सामाईक खाते त्याला कोणी सांगायचे?

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खऱ्या प्रणालीत शेकडो आयत असतात. तेवढी आकृती भिंतभर पसरते आणि ती गावातला माणूस वाचणार नाही. शिवाय सगळे नियम रेषेत मावत नाहीत. तिन्ही हिश्श्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकीच भरली पाहिजे, हे कोणत्याही फाट्याने सांगता येत नाही; प्रमाणित न झालेल्या फेरफाराने नाव लागू नये, हेही नाही. हे दोन्ही मला मान्य आहे. असे नियम आकृतीशेजारी शब्दांतच लिहावे लागतात. भिंतभर आकृतीला उपाय एकच: तिचे तुकडे करायचे, एका बैठकीत सात-आठ आयत, आणि आयतांवरची नावे दप्तरातलीच ठेवायची. ‘ओनर_मास्टर’ असे लिहिलेल्या चौकटीवर तलाठी काय बोलणार? ‘खाते’ लिहा, मग तो बोलतो.

संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी राज्यात चावडी वाचन झाले. लोकांपुढे नोंदी वाचल्या गेल्या, नावे आणि क्षेत्रे तपासली गेली. नोंदीतला लेखनप्रमाद दुरुस्त करायला महसूल संहितेत कलम १५५ आहे. रेषा चुकली असेल तर मात्र प्रत्येक नोंद खरी असूनही उत्तर खोटे येते, आणि त्याला कलम नाही. म्हणून नवी प्रणाली आखताना नोंदींच्या आधी ही वाक्ये चावडीवर वाचली जावीत असे मला वाटते. ‘एका गटाला एकच गाव’ यावर कोणी हरकत घेणार नाही. ‘एका खात्यात एक किंवा अनेक माणसे’ हेही निभेल. ‘एका विहिरीला एकच गट’ हे वाचले, की बांधावरच्या सामाईक विहिरीतले पाळीकरी उठून उभे राहतील: विहीर एका गटात, पाण्याचा हक्क चार गटांना, आणि त्यातल्या एकाने आपला गट विकताना विहिरीतला हिस्सा मागे ठेवलेला.