मुहूर्ताआधीचे कागद

पुतणीचा विवाह जर्मनीतील सहकाऱ्याशी ठरला आणि आम्ही बडोद्यात पंचांग उघडून बसलो. तेथील कायदा परदेशी वधूपाशी तिच्या देशाचा विवाहक्षमतेचा दाखला मागतो. भारतात तसा दाखला मिळत नाही. म्हणून तेथील उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट घ्यावी लागते, आणि ती ६ महिनेच चालते! अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले, भाषांतरे झाली. अडले ते जन्मदाखल्यापाशी. बारशाआधीच केलेल्या जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा होता. १९६९ च्या कायद्याने नाव मागाहून घालता येते. मुदतीची अट मात्र आहे. त्यापायी वहिनींनी शाळेचा दाखला घेऊन किती खेपा घातल्या, ते न विचारावे. ज्यांची मुले परदेशी जाणार, त्यांनी हा रकाना आजच पाहावा. आमचा मार्गशीर्षातला मुहूर्त हुकला. लग्न वैशाखात लागले.