हापूसचं दुकान मोबाइलच्या पडद्यावर

हापूसची पेटी कितीला, डझनात फळ किती ग्रॅमचं, पुण्यात पोच कधी? हंगामात कोकणातल्या बागायतदाराला दिवसभर हेच विचारलं जातं. त्याच्या वेबसाइटने ही उत्तरं पहिल्याच पडद्यावर द्यायला हवीत. प्रत्यक्षात तिथे बहुधा सरकत्या चित्रांची माळ आणि ‘आमच्याविषयी’चं लांबलचक पुराण असतं!

देखणेपणाची सुरुवात फोटोंपासून होते. खिडकीजवळच्या उजेडात काढलेला स्वतःच्या बागेतला आंबा इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत चित्रापेक्षा कधीही विश्वासार्ह. मात्र कॅमेऱ्यातला पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नये. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. फोटो वेबपी स्वरूपात लहान केले की बरंच ओझं उतरतं.

मराठी मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-निर्मिती संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, म्हणून ओळींमध्ये थोडी जास्त मोकळीक ठेवावी. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं मात्र नकोच.

विश्वासाचं काम रंगांपेक्षा तपशील करतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकारी आणि परताव्याच्या अटी दाखवाव्या लागतात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असलेल्या बागायतदाराने आपला नोंदणी क्रमांक किमतीशेजारीच द्यावा. तळाशी बारीक अक्षरात तो कोण वाचणार?