ढिगाऱ्याला लावलेलं विरजण

चंद्रपूरकडे गेलात की कोळसा खाणींजवळ मातीचे उघडेबोडके डोंगर दिसतात. कोळशासाठी उपसलेली ही माती. पावसात ती वाहून नाल्यात, शेतात उतरते. तिच्यात झाडांना उपयोगी जीवाणूच जवळजवळ नसतात, मग झाड कसं धरणार?

नागपूरच्या 'नीरी'तील डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी पद्मापूरच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर प्रयोग केला. हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रकल्पातला गाळ, नत्र देणारे जीवाणू आणि मुळांना साथ देणारी बुरशी! माती सुधारली, जड धातूंचा विषारीपणा घटला. २००८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुधाला विरजण लावावं तसंच हे. पण विरजणाला आधी दूध हवं ना! म्हणून नवी खाण येणार असेल, तर वरची सुपीक माती कुठे राखणार, हे ग्रामसभेत आपणच विचारूया.