लेकराचा श्वास मोजा

आपली वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे जाते. तिकडच्या खेड्यांत न्युमोनियाने पुष्कळ लेकरे दगावत. दवाखाना दूर. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी आरोग्यसेवकांना आणि गावच्या दायांना उपचार शिकवले.

बऱ्याच दायांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे साधे यंत्र केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटभरात श्वास फार झाले, तर न्युमोनिया समजून जंतू मारणारे औषध द्यायचे.

गुण आला. इतर गावांच्या मानाने न्युमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९० साली विलायतेच्या ‘लान्सेट’ साप्ताहिकात हे छापून आले.

साध्या सर्दी-खोकल्याला हे औषध लागत नाही. उगाच घेतले तर जंतू पुढे औषधाला जुमानत नाहीत.

लेकरू शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, अथवा छाती आत ओढली जात असली, तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे द्या. आपल्याला आता मोजता येते. ती विद्या लेकराच्या कामी येऊ द्या.